डोरोथी थॉम्पसन : मजलूम कुणीही असो, तराजू एकच

लोक घराच्या भिंतीवर पदवीचं प्रमाणपत्र लावतात. आपल्याकडे आयतुल कुर्सी किंवा मक्का-मदिनेचं चित्र असतं. अमेरिकेतल्या एका पत्रकार बाईंनी मात्र आपल्या घरी हद्दपारीचा हुकूम फ्रेम करून लावला होता. हुकूम होता हिटलरच्या जर्मनीचा. ऑगस्ट १९३४ मध्ये बर्लिनच्या अॅडलॉन हॉटेलात त्या उतरल्या असताना तो त्यांच्या हातात पडला. चोवीस तासांत देश सोडून जा, असा त्याचा मतलब. दुसऱ्या दिवशी रेल्वे स्टेशनवर परदेशी बातमीदार फुलं घेऊन त्यांना निरोप द्यायला आले होते.

या बाईंचं नाव डोरोथी थॉम्पसन. नाझी राजवटीनं रीतसर हुकूम काढून हाकललेल्या त्या पहिल्या अमेरिकन बातमीदार. आपल्या घरांमध्ये हे नाव फारसं कुणाला माहीत नाही. कधी कानावर आलंच तर पॅलेस्टाईनच्या निमित्तानं येतं. पण त्यांच्या आयुष्याची अर्धीच गोष्ट सांगितली तर त्यांच्यावर अन्याय होईल, आणि आपलंही नुकसान होईल. म्हणून आज आम्ही ही गोष्ट सुरुवातीपासून सांगतो.

पाद्र्याची मुलगी

डोरोथीचा जन्म ९ जुलै १८९३ रोजी न्यूयॉर्क राज्यातल्या लँकेस्टर या छोट्या गावात झाला. वडील पीटर थॉम्पसन हे मेथॉडिस्ट पंथाचे पाद्री. तुटपुंज्या पगाराचं, आज या गावी तर उद्या त्या गावी असं घर. डोरोथी सात वर्षांची असताना आई वारली. वडिलांनी दुसरं लग्न केलं, पण सावत्र आईशी या मुलीचं काही जमलं नाही. शेवटी तिला शिकागोला आत्यांकडे पाठवलं.

मुलगी बिनआईची, त्यात तोंडानं फटकळ. आपल्याकडे अशा मुलीचं काय होतं हे सांगायला नको. पण वडिलांनी तिचं शिक्षण थांबवलं नाही. तिनं १९१४ मध्ये सिरॅक्यूज विद्यापीठाची पदवी घेतली. पाद्र्यांच्या मुलांना तिथं फीमध्ये सवलत मिळत असे, तिचा उपयोग झाला.

त्या काळी अमेरिकेतही बायकांना सगळीकडे मताचा हक्क नव्हता. डोरोथी यांनी पहिली नोकरी धरली ती या हक्कासाठी लढणाऱ्या संघटनेत. बफेलो शहर आणि आसपासच्या खेड्यांत फिरायचं, पत्रकं वाटायची, चौकात उभं राहून भाषण करायचं. लोक हसायचे, टोमणे मारायचे. १९१७ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या बायकांना मताचा हक्क मिळाला. अनोळखी गर्दीसमोर न घाबरता बोलण्याची सवय डोरोथी यांना या तीन वर्षांत लागली. पुढे आयुष्यभर तीच कामी आली.

जहाजावर मिळालेली पहिली बातमी

१९२० मध्ये त्या एका मैत्रिणीबरोबर युरोपला निघाल्या. खिशात पैसे थोडे, हातात नोकरी नाही, कुठल्या पेपरचं ओळखपत्रही नाही. योगायोग असा, की त्याच जहाजावर लंडनच्या झिऑनिस्ट परिषदेला जाणारे ज्यू प्रतिनिधी होते. डोरोथी यांनी प्रवासभर त्यांच्याशी बोलून घेतलं आणि लंडनला उतरल्यावर परिषदेच्या बातम्या एका अमेरिकन वृत्तसंस्थेला दिल्या. म्हणजे पॅलेस्टाईनच्या प्रश्नाशी त्यांची पहिली ओळख झाली ती ज्यूंच्या बाजूनं. हे लक्षात ठेवा, पुढे याचा संबंध येणार आहे.

तिथून त्या आयर्लंडला गेल्या. कॉर्क शहराचे महापौर टेरेन्स मॅक्स्विनी यांना त्या भेटल्या, आणि त्यानंतर लगेचच इंग्रज सरकारनं त्यांना अटक केली. मॅक्स्विनी यांनी तुरुंगात ७४ दिवस उपोषण केलं आणि ऑक्टोबर १९२० मध्ये त्यांचा मृत्यू झाला. त्या उपोषणाची चर्चा हिंदुस्थानातही झाली होती. नवख्या डोरोथी यांच्याकडे त्यांची अगदी शेवटची मुलाखत होती.

यानंतर त्यांनी व्हिएन्नात मुक्काम ठोकला आणि फिलाडेल्फियाच्या 'पब्लिक लेजर' या पेपरसाठी लिहू लागल्या. सुरुवातीला पक्का पगार नव्हता. छापून येईल तेवढ्याचे पैसे मिळायचे. पोट भरण्यासाठी रेडक्रॉसचं प्रसिद्धीचं कामही करायच्या. १९२१ मध्ये हंगेरीचे पदच्युत राजे कार्ल यांनी गादी परत मिळवण्याचा प्रयत्न केला आणि तो फसला. राजा-राणी एका किल्ल्यात नजरकैदेत होते. बाहेर बातमीदारांची गर्दी, आत कुणाला प्रवेश नाही. डोरोथी रेडक्रॉसच्या लोकांबरोबर आत गेल्या आणि थेट राणीशी बोलून बाहेर आल्या.

१९२६ मध्ये पोलंडमध्ये लष्करी उठाव झाला तेव्हा त्या व्हिएन्नात होत्या. रात्रीची वेळ, बँका बंद, प्रवासाला पैसे नाहीत. असं सांगतात, की त्यांनी मानसशास्त्रज्ञ सिग्मंड फ्रॉइड यांच्याकडून उसने पैसे घेतले आणि वॉर्साची गाडी पकडली.

तोवर त्या पेपरच्या बर्लिन कार्यालयाच्या प्रमुखही झाल्या होत्या. एवढ्या मोठ्या परदेशी कार्यालयाची जबाबदारी बाईकडे देणं ही तेव्हा अमेरिकेतही नवी गोष्ट होती. बायकांनी फार तर फॅशन आणि स्वयंपाकाची पानं सांभाळावीत, असा संपादकांचा समज. डोरोथी यांनी या समजाशी वाद घालत वेळ घालवला नाही. त्या बातम्या आणत राहिल्या.

मोठी चूक

१९२८ मध्ये त्यांनी अमेरिकन कादंबरीकार सिंक्लेअर लुईस यांच्याशी लग्न केलं. हे त्यांचं दुसरं लग्न. लुईस यांना १९३० मध्ये साहित्याचं नोबेल मिळालं आणि त्याच वर्षी मुलगाही झाला. घर अमेरिकेत आणि जीव युरोपात, अशी ओढाताण सुरू झाली.

१९३१ च्या अखेरीस त्यांना हिटलरची मुलाखत मिळाली. कित्येक वर्षं त्या प्रयत्न करत होत्या. अट अशी होती, की प्रश्न आधी लिहून द्यायचे. भेट बर्लिनच्या कैसरहोफ हॉटेलात झाली. आत जाताना डोरोथी यांना वाटत होतं, आपण जर्मनीच्या होणाऱ्या हुकूमशहाला भेटतोय. पण एका मिनिटाच्या आत त्यांचं मत बदललं. समोर बसलेला माणूस त्यांना अगदी किरकोळ वाटला. नीट बोलता येत नाही, समोरच्याकडे बघत नाही, खासगीत बोलतानाही सभेत असल्यासारखा ओरडतो. हा माणूस कधी हुकूमशहा होईल असं वाटत नाही, असं त्यांनी लिहून टाकलं. १९३२ मध्ये त्याचं पुस्तकही निघालं.

३० जानेवारी १९३३ रोजी तोच माणूस जर्मनीचा चॅन्सेलर झाला.

वाचकहो, या मुलाखतीतली खरी गंमत, किंवा खरं दुःख म्हणा, वेगळंच आहे. डोरोथी यांनी विचारलं होतं, की सत्ता मिळाली तर राज्यघटनेचं काय करणार. हिटलरनं काहीही लपवलं नाही. आपण कायदेशीर मार्गानं सत्तेवर येऊ आणि मग ही संसद, ही घटना मोडून टाकू, हे त्यानं सरळ सांगितलं. डोरोथी यांनी ते छापलंही. पण बोलणाऱ्याचा चेहरा पाहून त्यांनी त्याच्या शब्दांवर विश्वास ठेवला नाही. माणसाच्या हावभावाकडे बघून हसायचं आणि तो काय करणार म्हणतोय ते ऐकायचं राहून जायचं, ही चूक मोठमोठ्या हुशार माणसांकडून होते.

फरक एवढाच, की डोरोथी यांनी चुकीवर पांघरूण घातलं नाही. त्या पुन्हा जर्मनीत गेल्या. ज्यूंवर होणारा जुल्म, मारहाण, छळछावण्या, सगळं स्वतः फिरून पाहिलं, बळी पडलेल्यांशी बोलल्या आणि लिहीत राहिल्या. म्हणून १९३४ चा तो हुकूम निघाला. त्यांच्या मुलाखतीनं हिटलरचा अपमान झाला होता, हेही एक कारण होतंच.

कागदाच्या तुकड्यावर जगणं

अमेरिकेत परतल्या तेव्हा त्या घराघरांत पोचलेल्या होत्या. १९३६ पासून 'न्यूयॉर्क हेरल्ड ट्रिब्यून'मध्ये आठवड्यातून तीन दिवस त्यांचा स्तंभ सुरू झाला. तो दीडशेच्या वर पेपरांमध्ये छापून यायचा आणि लाखो लोक वाचायचे. शिवाय रेडिओवर भाषणं. बायकांच्या एका मोठ्या मासिकात दर महिन्याला लेख. जून १९३९ मध्ये 'टाइम' साप्ताहिकानं त्यांना मुखपृष्ठावर घेतलं आणि राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी एलिनॉर रुझवेल्ट यांच्यानंतर देशातली सर्वांत प्रभावी स्त्री म्हणून त्यांचं नाव घेतलं.

एवढी ताकद हातात आल्यावर त्यांनी ती कशासाठी वापरली? निर्वासितांसाठी. १९३८ मध्ये त्यांनी निर्वासितांच्या प्रश्नावर दीर्घ लेख आणि पुस्तक लिहिलं. कागदाच्या एका तुकड्यावर शिक्का आहे की नाही, यावर हजारो माणसांचं जगणं-मरणं ठरतंय, हा त्यांचा मुद्दा होता. माणूस समोर उभा आहे, पण कागद नाही म्हणून तो कुठल्याच देशाचा नाही. जुन्या कागदपत्रांसाठी आजोबांच्या ट्रंका उपसणाऱ्या कुठल्याही घराला हे वेगळं समजावून सांगावं लागणार नाही. त्याच वर्षी जुलैमध्ये फ्रान्सच्या एव्हियाँ गावात ३२ देश या प्रश्नावर जमले. सहानुभूती सगळ्यांनी दाखवली, दरवाजे जवळजवळ कुणीच उघडले नाहीत.

नोव्हेंबर १९३८ मध्ये हर्शेल ग्रिन्स्पान या १७ वर्षांच्या ज्यू मुलानं पॅरिसमध्ये एका जर्मन अधिकाऱ्यावर गोळी झाडली. त्याच्या आईवडिलांना जर्मनीतून हाकलून पोलंडच्या सरहद्दीवर नेऊन टाकलं होतं. अधिकारी मेला आणि त्याचं निमित्त करून जर्मनीभर ज्यूंची घरं, दुकानं आणि प्रार्थनास्थळं जाळण्यात आली. एकाच्या गुन्ह्यासाठी साऱ्या कौमला शिक्षा. डोरोथी रेडिओवर त्या पोराच्या बाजूनं बोलल्या. खुनाचं समर्थन नव्हतं. त्याला नीट वकील मिळावा आणि ज्यांनी त्याला या टोकाला आणलं त्यांचाही हिशेब व्हावा, एवढंच त्यांचं मागणं. खटल्यासाठी त्यांनी चाळीस हजार डॉलरच्या आसपास निधी उभा केला. त्यात ज्यूंकडून पैसे न घेण्याची काळजी घेतली, म्हणजे नाझींना बोलायला जागा राहायला नको.

फेब्रुवारी १९३९ मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये अमेरिकेतल्या नाझी समर्थकांची मोठी सभा झाली. सुमारे वीस हजार लोक. डोरोथी पुढच्या बाजूला जाऊन बसल्या आणि वक्त्याच्या बोलण्यावर मोठमोठ्यानं हसू लागल्या. त्यांना बाहेर काढलं, तर परत येऊन बसल्या.

आणखी एक गोष्ट. युद्ध सुरू झाल्यावर याच बाई सगळे जर्मन एका माळेचे मणी समजू नका, असंही सांगत होत्या. १९४२ मध्ये त्यांनी जर्मन भाषेतून रेडिओवर जर्मन लोकांसाठी भाषणं केली. नाझींना हरवा, पण जर्मन माणसांचा सूड घेऊ नका, हे ऐकायला त्या वेळी कुणी तयार नव्हतं.

दुसरा निर्वासित

आता दुसरा भाग. युद्धाच्या काळात डोरोथी झिऑनिस्ट चळवळीच्या मोठ्या समर्थक होत्या. त्यांच्या व्यासपीठांवर बोलायच्या, चळवळीच्या नेत्यांशी मैत्री होती. युरोपात ज्यूंचा संहार चाललेला पाहून त्यांना वेगळं मत सुचणंही कठीण होतं.

१९४५ मध्ये त्या स्वतः पॅलेस्टाईनला गेल्या. तिथं जाऊन पाहिलं तर जमीन रिकामी नव्हती. तिथं गावं होती, जैतुनाच्या बागा होत्या, पिढ्यान्‌पिढ्या राहणारे अरब मुसलमान आणि ख्रिस्ती होते. एका मजलूम कौमला घर द्यायचं म्हणून दुसऱ्या माणसांना बेघर करायचं, हा हिशेब त्यांना पटेना. असं राज्य उभं राहिलं तर तिथलं युद्ध कधी संपणार नाही, अशी त्यांना भीती वाटली. परत आल्यावर त्यांनी तसं लिहायला सुरुवात केली. झिऑनिस्ट सशस्त्र गटांच्या हिंसेवरही टीका केली.

परिणाम लगेच दिसला. १९४७ मध्ये 'न्यूयॉर्क पोस्ट'नं त्यांचा स्तंभ बंद केला. व्याख्यानाची आमंत्रणं घटली. जुने मित्र दुरावले. ज्या बाईंनी ज्यू निर्वासितांसाठी जिवाचं रान केलं, त्यांनाच ज्यूद्वेष्टी ठरवण्यात आलं. हिटलरच्या हद्दपारीनं त्या मोठ्या झाल्या होत्या. या वेळी मात्र स्टेशनवर फुलं घेऊन कुणी आलं नाही.

१९४८ मध्ये सात लाखांच्या आसपास पॅलेस्टिनी आपली घरं सोडून परागंदा झाले. १९५० मध्ये गाझा आणि आसपासच्या देशांतल्या त्यांच्या छावण्यांवर एक माहितीपट तयार झाला. पडद्यावर येऊन त्याची प्रस्तावना करणाऱ्या होत्या डोरोथी थॉम्पसन. तंबूत राहणारी, रांगेत दूध-रेशन घेणारी मुलं अमेरिकन प्रेक्षकांनी पाहावीत म्हणून त्यांनी आपलं उरलंसुरलं नाव पणाला लावलं. १९५१ मध्ये 'अमेरिकन फ्रेंड्स ऑफ द मिडल ईस्ट' ही संस्था निघाली आणि त्या तिच्या अध्यक्षा झाल्या. या संस्थेत काही ज्यू धर्मगुरूही होते, हे मुद्दाम सांगितलं पाहिजे.

दोष सांगायलाच हवेत

आम्ही त्यांना वली ठरवायला बसलेलो नाही. त्यांच्या मृत्यूनंतर सहा वर्षांनी, १९६७ मध्ये, उघड झालं की या संस्थेला अमेरिकेच्या गुप्तचर खात्याचा पैसा मिळत होता. म्हणजे सगळा कारभार निव्वळ दयेपोटी चालला नव्हता.

दुसरा दोष आम्हाला जास्त खुपतो. १९५० मध्ये त्यांनी एका मासिकात लेख लिहून अमेरिकन ज्यूंच्या निष्ठेबद्दल प्रश्न उभा केला. इस्राएलवर प्रेम करणाऱ्यांची निष्ठा दोन देशांत वाटली जाते, असा त्यांचा रोख होता. एखाद्या सरकारच्या धोरणावर टीका करणं वेगळं आणि साऱ्या समाजाकडे निष्ठेचा दाखला मागणं वेगळं. निष्ठेचा दाखला मागितला की काय वाटतं, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. म्हणून ज्यूंना तो मागितला गेला तेव्हाही ते चूकच होतं, हे आपण मोकळेपणानं म्हटलं पाहिजे.

शेवटची वर्षं

१९५७ मध्ये त्यांचा स्तंभ वाटप करणाऱ्या कंपनीच्या दबावामुळे त्यांनी संस्थेचं अध्यक्षपद सोडलं. १९५८ मध्ये स्तंभही थांबवला. बावीस वर्षांचं लिखाण होतं ते. त्याच वर्षी त्यांचे तिसरे पती, चित्रकार मॅक्सिम कॉफ, वारले. लुईस यांच्याशी घटस्फोट १९४२ मध्येच झाला होता. आत्मचरित्र लिहायला घेतलं, ते पुरं झालं नाही. ३० जानेवारी १९६१ रोजी पोर्तुगालमध्ये लिस्बन इथं त्यांचं निधन झालं. व्हर्मांट राज्यातल्या बार्नर्ड या गावी, जिथं त्यांचं शेतघर होतं, तिथं त्यांचं दफन झालं.

आपल्यासाठी काय?

वर्गात आम्ही मुलांना सांगतो, की पट्टी सगळ्यांसाठी एकच. मित्राच्या वहीला एक आणि दुसऱ्याच्या वहीला एक, असं चालत नाही. मुलांना ते पटतं. मोठ्यांनाच जड जातं.

डोरोथी यांचा पहिला भाग इस्राएलच्या समर्थकांना आवडतो, दुसरा आपल्याला आवडतो. प्रत्येक जण आपल्या सोयीचं अर्धं उचलतो. पण ज्या नजरेला बर्लिनमधला बेघर ज्यू दिसला, तीच नजर गाझामधल्या तंबूपर्यंत पोचली. पहिला भाग वगळला तर दुसऱ्याची किंमत राहत नाही. आपल्या कुरआननंही हेच शिकवलं आहे. इन्साफाची साक्ष द्यायची, ती आपल्या स्वतःच्या किंवा नातेवाइकांच्या विरोधात जात असली तरी. कुणाबद्दल मनात वैर असलं तरी त्याच्याशी नाइन्साफी करायची नाही. आपण हे वाचतो, तेव्हा डोळ्यांसमोर दुसऱ्यांनी आपल्याला द्यायचा इन्साफ येतो. आपण दुसऱ्याला द्यायचा इन्साफही त्यातच आहे.

आणि एक विनंती आई-वडिलांना. घरात एखादी मुलगी फार प्रश्न विचारत असेल, पेपर उघडून वाद घालत असेल, तर तिला फटकळ म्हणून गप्प बसवू नका. लँकेस्टरच्या त्या गरीब पाद्र्यानं आपल्या मुलीला कॉलेजात पाठवलं नसतं, तर त्या छावण्यांतल्या मुलांसाठी अमेरिकेत बोलणारा एक मोठा आवाज कमी झाला असता. आपल्याही मुलींना खरं पाहण्याची आणि न डगमगता सांगण्याची तौफीक मिळो. आमीन.